मूठ लहान की हात मोठा? जुन्या शस्त्रांचं माप आणि आजची चाचणी

 

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, की सर, तुमचा विषय तत्त्वज्ञान, तलवारी आणि चिलखतांवर बोलायचं तुम्हाला काय कारण? प्रश्न रास्त आहे. कारण एका शब्दात सांगता येईल. तो शब्द म्हणजे 'बसणे'. अंगरखा अंगात बसतो, टोपी डोक्यावर बसते, कुदळीत दांडा बसतो. आणि आपण असंही म्हणतो, की हा हिशेब बसत नाही. वस्तू शरीराला बसते तेव्हा नेमकं काय होतं, आणि ती बसत होती हे शेकडो वर्षांनी आपल्याला कसं कळणार, हा ज्ञानमीमांसेचाच प्रश्न आहे. शस्त्रं हे त्याचं चांगलं उदाहरण आहे, कारण तिथे न बसण्याची किंमत जिवाने मोजावी लागते.

हे बोलायला जालन्याइतकी योग्य जागा नाही. आपल्या जिल्ह्यात केळना आणि जुई या नद्यांच्या मध्ये असई आहे. 23 सप्टेंबर 1803 या दिवशी तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचं सैन्य एका बाजूला, आणि आर्थर वेल्स्लीचं सैन्य दुसऱ्या बाजूला, अशी लढाई झाली. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन हा जर्मन होता. इंग्रजांच्या बाजूला स्कॉटिश पलटणी आणि मद्रासचे शिपाई होते. इंग्रज जिंकले, पण त्यांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांवर माणसं कामी आली. म्हणजे एका दुपारी, आपल्या शेतांत, अनेक देशांच्या माणसांच्या अंगावरचं सामान कसाला लागलं. त्या सामानाविषयी आज आपण जे बोलतो, लिहितो, दाखवतो, त्याची थोडी चिकित्सा आज करायची आहे.

आता दोन दावे बघा. पहिला तुमच्या मोबाइलवर आठवड्यातून एकदा तरी येत असेल. अमक्या वीराचा भाला ऐंशी किलोचा, चिलखत सत्तर किलोचं, दोन्ही अंगावर घेऊन ते दिवसभर लढत. दुसरा दावा संग्रहालयात ऐकू येतो. काचेच्या कपाटातली तलवार बघून कोणीतरी म्हणतं, 'मूठ किती लहान! त्या काळच्या माणसांचे हात लहान असणार.' हे म्हणणं नवं नाही. हिंदुस्थानी तलवारीची मूठ युरोपीय हाताला पुरत नाही, म्हणून इथल्या माणसांचे हात नाजूक, असं साहेब लोकही म्हणत आले.

हे दोन्ही दावे एकाच घरातली माणसं एकाच आठवड्यात मान्य करतात. सोमवारी पूर्वज राक्षसी ताकदीचे, रविवारी संग्रहालयात त्यांचे हात पोरांएवढे. दोन्ही एकत्र बसत नाहीत, पण कोणाला खटकत नाही. का? कारण दोन्हींमागची चूक एकच आहे. वस्तूकडे बघायचं आणि तिच्यावरून सरळ शरीराकडे उडी मारायची. मधलं काहीतरी गाळलं जातं.

वजनाचा दावा लवकर निकालात निघतो. काटा घ्या. आपल्याकडची साधारण तलवार एक किलोच्या आसपास भरते, थोडी इकडे, थोडी तिकडे. कड्यांचं चिलखत दहा किलोच्या आतबाहेर. युरोपातलं डोक्यापासून पायापर्यंतचं पोलादी कवचसुद्धा वीस-पंचवीस किलोंचं. जे हत्यार तासभर फिरवायचं, ते हलकंच असावं लागतं. ऐंशी किलोचा भाला म्हणणारे वीराचा गौरव करतात असं त्यांना वाटतं. आम्हाला वाटतं, ते त्याला हमाल करतात. कौशल्य काढून घेतात आणि बदल्यात वजन देतात.

मुठीचा प्रश्न मात्र खोल आहे. त्यात आमची स्वतःचीही फजिती आहे, ती सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी कोल्हापूरला एका मर्दानी खेळाच्या आखाड्यात जायचा योग आला. तिथे एक जुनी तलवार हातात दिली. आम्ही नेहमीसारखी धरायला गेलो, तर चौथं बोट आत जाईना. पुढची आडवी पट्टी आणि मागची गोल चकती यांच्यामधली जागा जेमतेम आठ सेंटिमीटर असावी. आम्ही प्राध्यापकी थाटात म्हणालो, 'पूर्वीच्या लोकांची चण लहान असणार.' वस्ताद हसले. म्हणाले, 'सर, ही काठीगत धरायची न्हवं, आवळायची.' त्यांनी आमची बोटं एकेक करून मिटवली, पंजा घट्ट केला, आणि मनगट जरासं वळवलं. हात बसला. वस्तादांचा पंजा आमच्यापेक्षा मोठा होता, तरी त्यांचाही बसत होता.

मग त्यांनी मनगट मोडून, पट्टीसारखा वार करायला सांगितला. चकती मनगटात रुतली, कळ आली. आता मनगट न मोडता, कोपर आणि खांद्यातून ओढत वार करा म्हणाले. काही रुतलं नाही. तेव्हा उजेड पडला. ती चकती चुकीचा वार करूच देत नाही. वाकडी धार ओढत कापण्यासाठी असते. मूठ हाताला एका जागी जखडून ठेवते आणि वार आपोआप त्या तऱ्हेने होतो. मूठ लहान नव्हतीच. आम्हाला वार माहीत नव्हता.

म्हणजे बघा, वस्तू आणि शरीर यांच्यामध्ये गाळलेली तिसरी गोष्ट कोणती? कृती. माप वस्तू आणि शरीर या दोघांत ठरत नाही, वस्तू, शरीर आणि कृती या तिघांत ठरतं. काचेच्या कपाटात वस्तू असते, बघणाऱ्याकडे शरीर असतं, कृती कुठेच नसते. म्हणून कपाटासमोर उभं राहून काढलेला निष्कर्ष बहुधा चुकतो. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक कसं करायचं हे माहीत असणं' यांत फरक केला होता. वस्तादांकडे दुसरं ज्ञान होतं. आमच्याकडे पदव्या होत्या.

कृती लक्षात घेतली की 'नीट बसणं' याचा अर्थही बदलतो. असईला इंग्रजी सैन्याच्या हातात जी बंदूक होती, तिच्या नळीचा व्यास पाऊण इंच, आणि शिशाची गोळी त्याहून लहान, पाऊण इंचाला साधारण दीड मिलिमीटर कमी. गोळी नळीत सैलच असे. आजचा माणूस म्हणेल, किती गबाळं काम! पण त्या काळची दारू जळली की नळीत काजळी धरायची. दहा-पंधरा बार झाल्यावर घट्ट मापाची गोळी आत उतरलीच नसती. समोरून घोडदळ येत असताना शिपाई गज ठोकत बसला असता. तेव्हा तिथे सैल असणं हेच नीट बसणं. नेमबाजाची बंदूक घट्ट गोळी मागते, पलटणीची सैल मागते.

आता रोमकडे जाऊ. तुम्ही म्हणाल, भोकरदनहून एकदम रोम? पण हा रस्ता आपल्याच लोकांनी बांधलेला आहे. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन ते हेच. तिथे स्त्रीची एक हस्तिदंती मूर्ती सापडली, आणि तिचं साम्य इटलीतल्या पाँपेईमध्ये 1938 साली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिकडे पोहोचली होती. तिला उभं आरपार भोक आहे. ती आरशाची मूठ होती की एखाद्या आसनाचा पाय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पुन्हा तोच प्रश्न. ही वस्तू कशात बसत होती?

रोमन शिपायाच्या सामानाची चाचणी युरोपात फार कष्टाने झाली आहे. 1964 साली इंग्लंडमध्ये कॉर्ब्रिज इथे एका पेटीत पट्ट्यांच्या चिलखताचे अवशेष मिळाले. त्याआधी ही चित्रं शिल्पांवरून काढली जात आणि त्याप्रमाणे बनवलेलं चिलखत घालून माणसाला हातही वर करता येत नसे. रसेल रॉबिन्सन यांनी अवशेषांवरून आतल्या चामड्याच्या पट्ट्यांची जागा शोधली, आणि चिलखत हलू लागलं. रिकिबीशिवाय रोमन स्वार घोड्यावर टिकायचा कसा, हे कोडं होतं. पीटर कॉनॉली यांनी चार शिंगांचं खोगीर बनवून बघितलं, मांड पक्की बसते हे दिसलं. 1985 मध्ये मार्कुस युंकेलमान हे जर्मन इतिहासकार साथीदारांसह रोमन सामान अंगावर घेऊन व्हेरोनाहून आल्प्स ओलांडत आउग्सबुर्गपर्यंत चालत गेले. पाचशेवर किलोमीटर. वेगेटियस या रोमन लेखकाने शिपायाचं ओझं साठ रोमन पौंड म्हटलं आहे, म्हणजे वीस किलोच्या आसपास. ते पाठीवर घेतल्यावर कुठे काचतं, कुठला पट्टा खांद्याचा भार कमरेवर उतरवतो, हे पुस्तकात कळत नाही, तिसऱ्या दिवशी खांद्याला कळतं.

या माणसांविषयी आम्हाला आदर आहे. तरी चिकित्सा करायला आलो आहोत, तेव्हा अशा चाचण्यांच्या मर्यादाही बघू. त्या तीन आहेत.

पहिली मर्यादा म्हणजे मऊ वस्तू नाहीशा होतात. लोखंड उरतं, कापूस, लोकर, नमदा कुजून जातो. आपल्या बाया डोक्यावर घागर घेतात तेव्हा मध्ये चुंबळ असते. कल्पना करा, दोन हजार वर्षांनी घागर सापडली आणि चुंबळ सापडली नाही. विद्वान म्हणतील, ही घागर या डोक्यावर राहणं शक्य नाही, सबब डोकी चपटी असणार. शिरस्त्राणाचं हेच होतं. आतलं अस्तर गेलेलं असतं आणि आपण म्हणतो, सैल आहे. इंग्लंडमधल्या विंडोलँडा या ठाण्यावर लाकडी पातळ फळ्यांवरची पत्रं मिळाली आहेत. त्यातल्या एकात कोणी कोणाला मोजे, चपला आणि आतले कपडे पाठवल्याचं लिहिलं आहे. आम्हाला हे पत्र फार आवडतं. आम्ही कॉलेजात असताना एनसीसीत आम्हाला आठ नंबरचे बूट मिळाले, पाय सहाचे. सव्वीस जानेवारीच्या संचलनाला आम्ही पुढे कापूस कोंबून आणि दोन मोजे घालून पाय आपटले. कोणाला ते बूट कपाटात मिळाले, तर तो म्हणेल, आठ नंबरचा मनुष्य! कापसाची नोंद कुठे असणार?

दुसरी मर्यादा, सामान कोणाचं? रोमन शिरस्त्राणांवर ठिपक्यांनी कोरलेली नावं मिळतात, आणि कधी एकाच शिरस्त्राणावर अनेक नावं. एकाने वापरलं, दुसऱ्याने घेतलं, मग तिसऱ्याने. म्हणजे ते एका डोक्याच्या मापाचं नव्हतंच. ज्याला मिळालं त्याने ते आपलंसं करून घेतलं. माप ही घडत जाणारी गोष्ट आहे. नवी कोल्हापुरी चप्पल आठवडाभर चावते, मग पायाची होते. चाचणी करणारा ती पहिल्या दिवशी घालतो आणि चावते असा निकाल लिहितो.

आणि काळ पुढे जातो म्हणजे माप सुधारतं, असंही समजू नका. रोमन ठाण्यांवर मिळालेली पादत्राणं डाव्या-उजव्या पायांची वेगळी आहेत. असईच्या काळात इंग्रजी शिपायाला मिळणारे बूट दोन्ही पायांना एकच असत. त्या दिवशी हे सैन्य लढाईआधी वीसेक मैल चालून आलं होतं. असईचा इतिहास लिहिताना तोफांची संख्या सगळे लिहितात, पायांविषयी फार थोडे लिहितात.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी, चाचणी देणारं शरीर कोणाचं? आजचा हौशी माणूस शनिवारी चिलखत घालतो आणि सोमवारी कामावर जातो. त्याला संध्याकाळी कोणी मारणार नसतं. भीतीने सुटलेला घाम, पोटातली भूक, वीस वर्षांची सवय, यातलं काही तो अंगावर घेत नाही. मग चाचणीला अर्थ काय?

इथे आम्हाला कॉलिंगवूड आठवतो. आर. जी. कॉलिंगवूड ऑक्सफर्डला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, आणि त्याच वेळी रोमन ब्रिटनचा मोठा अभ्यासक. त्याचं 'द आयडिया ऑफ हिस्टरी' हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1946 मध्ये आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गेलेल्या माणसाची संवेदना आपल्याला पुन्हा अनुभवता येत नाही, पण त्याचा विचार आपल्याला पुन्हा करता येतो. मूठ बनवणाऱ्या लोहारापुढे एक अडचण होती. वार ओढत व्हावा, घामाने हात निसटू नये. त्याने तिच्यावर तोड काढली. ती अडचण आम्हालाही समजते, ती तोड आम्हालाही पुन्हा काढून बघता येते. आखाड्यात आम्हाला मराठा स्वाराची भीती कळली नाही, कळणारही नाही. पण त्या चकतीचं 'का' कळलं. चाचणीने एवढंच द्यायचं असतं, आणि एवढं पुष्कळ आहे. जे चित्रफितीत म्हणतात, 'आज आम्ही मावळ्यांचं आयुष्य जगून बघितलं', ते मागू नये ते मागतात. आणि जे विद्वान म्हणतात, 'हे सगळे खेळ आहेत, इतिहास कागदात असतो', ते मिळतं तेही घेत नाहीत.

आपल्याकडे एक सोय अशी आहे, जी रोमच्या अभ्यासकांना नाही. दांडपट्टा आजही फिरवणारी माणसं आहेत. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपराकडे जाणारी लोखंडी खोबण, आत आडवी पकड. मनगट पूर्ण बंद. तो बसतो की नाही हे विचारायला जिवंत वस्ताद आहेत. परंपरा जशीच्या तशी राहिली असं आम्ही म्हणत नाही. रंगमंचावरचा पट्टा आणि रणातला पट्टा एक नव्हे. पण विचारायला कोणीतरी आहे, हे भाग्य थोडं नाही. चित्रपटवाले आणि मिरवणुकीवाले मात्र विचारत नाहीत. प्लास्टिकला चांदीचा रंग देतात आणि नटाला त्यात असं कोंबतात, की तो तलवार उपसून खांद्याच्या वर नेऊ शकत नाही. दिग्दर्शकाला ते भव्य दिसतं. प्रेक्षक घरी जाताना तेच माप डोक्यात घेऊन जातो.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते खरा मुद्दा.

सैन्याचं सामान एका माणसासाठी बनत नाही, हजारोंसाठी बनतं. म्हणून सरासरी लागते. एकोणिसाव्या शतकात केतले या बेल्जियन गणितज्ञाने पाच हजारांहून जास्त स्कॉटिश शिपायांच्या छातीची मापं तपासली आणि 'सरासरी माणूस' ही कल्पना दृढ केली. ती मापं मुळात शिपायांच्या कपड्यांच्या पुरवठ्यातूनच आली होती. पुढे 1950 च्या सुमारास अमेरिकन हवाई दलाने 4063 वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने दहा मापं निवडली आणि विचारलं, या दहाही मापांत साधारण सरासरीत बसणारे किती? उत्तर आलं शून्य. एकही नाही. ज्या माणसासाठी विमानातली बैठक बनवली होती, तो माणूस अस्तित्वातच नव्हता. मग बैठक पुढेमागे सरकणारी करावी लागली.

हे इतकं दूरचं आहे का? आपल्या जालन्यात भंगार वितळवून सळया करणारे कारखाने आहेत. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा अशाच एका कारखान्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात घरी आला, तर हाताला भाजल्याची खूण. आम्ही विचारलं, 'हातमोजे देत नाहीत का रे?' म्हणाला, 'देतात ना सर. एकाच मापाचे येतात. बोटाची टोकं रिकामी राहतात, चिमटा नीट धरता येत नाही. म्हणून काढावे लागतात.' आणि त्याच्या नावापुढे नोंद काय झाली? 'सुरक्षा साधनं वापरत नाही. निष्काळजी.'

मित्रहो, ही तीच उडी आहे. वस्तू बसत नाही, म्हणून दोष शरीराचा. साहेब म्हणाला, मूठ पुरत नाही, सबब यांचे हात नाजूक. कारखाना म्हणतो, मोजा घालत नाही, सबब हा बेफिकीर. मधली कृती दोघांनीही बघितली नाही. चिमटा कसा धरतात हे त्या पोराला कोणी विचारलं नाही. वीस वर्षांपूर्वी वस्ताद नसते, तर आम्हीही त्या रांगेत उभे होतो.

म्हणून जुन्या शस्त्रांची चाचणी ही आम्हाला नुसती हौस वाटत नाही. 'बसत नाही' असं म्हणण्याआधी कोणाला विचारायचं, याची ती शिकवण आहे.

जाता जाता एक विनंती. आपल्या भागात वाड्यांच्या माळ्यांवर अजून जुनं लोखंड पडलेलं असतं. कोणाची तलवार, कोणाचं पातं, कोणाची नुसती मूठ. पुष्कळदा ते किलोच्या भावाने भंगारात जातं आणि भट्टीत सळई होऊन बाहेर पडतं. विकण्याआधी निदान तीन गोष्टी करा. काट्यावर वजन करा, मुठीतली जागा मोजा, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही कशी धरत? उत्तर वहीत लिहून ठेवा, तारखेसह. तेवढी वही झाली, तर पुढच्या प्राध्यापकाची आमच्यासारखी फजिती होणार नाही.

 आता प्रश्न विचारा. आणि कोणी आखाड्यातलं इथे असेल, तर आधी त्यांना बोलू द्या.